'नागवणे' : अर्थ, वापर आणि अर्जातलं एक वाक्य

माजघर

मंडळी, एका शब्दाबद्दल विचारायचं आहे आणि थोडी घाई आहे.

बाबांनी निवृत्तीनंतरची जवळजवळ सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली होती. मुदत संपून तीन वर्षं झाली, पैसे मिळालेले नाहीत. आता आम्ही ठेवीदार मिळून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज देतो आहोत. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात मी एक वाक्य लिहिलं होतं : 'संस्थेने आम्हा ठेवीदारांना नागवले आहे.'

काल बैठकीत मसुदा वाचला. एक ज्येष्ठ गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. ते लगेच म्हणाले, "हा शब्द काढा. बायामाणसं खाली सह्या करणार आहेत. बरं दिसत नाही." दोन तरुण मुलांनी मान डोलावली. 'नागवणे' म्हणजे कपडे उतरवणे, एवढंच त्यांना वाटत होतं. मग सुचवणी आली की 'आर्थिक नुकसान झाले आहे' असं लिहा.

मी तिथे काही बोलले नाही. पण घरी आल्यापासून मनातून जात नाही. हा शब्द मी बाबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलाय आणि तो मला कधीच असभ्य वाटला नाही. माझं चुकतंय का? 'लुटणे', 'लुबाडणे', 'फसवणे' यांच्यात आणि याच्यात नेमका फरक काय? अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे.

कातरवेळ

तुमचं चुकत नाहीये.

मूळ शब्द 'नग्न'च आहे, यात शंका नाही. 'अग्नि'चं 'आग' झालं, 'लग्न'चं 'लाग' होऊन 'लागणे' आलं, तसंच 'नग्न'चं 'नाग' होऊन 'नागवा' आणि 'नागडा' हे दोन शब्द मराठीत आले. पण दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'नागडा' शरीरापाशी राहिला. 'नागवा'पासून जे क्रियापद झालं ते मालमत्तेकडे गेलं. आज 'नागवणे' म्हणजे एखाद्याजवळचं सगळं काढून घेणे, त्याला कफल्लक करणे. कपडे उतरवण्याला मराठीत आपण 'नागडं करणे', 'उघडं करणे', 'विवस्त्र करणे' म्हणतो. तिथे 'नागवणे' सहसा येत नाही.

म्हणून शिक्षकांचा आक्षेप व्युत्पत्तीच्या अंगाने समजण्यासारखा आहे, वापराच्या अंगाने नाही. शब्द कुठून आला त्यावर तो आज सभ्य की असभ्य हे ठरत नाही.

आजोळ

आमच्या घरी 'नागवण' हे नामही होतं. भाव पडला, व्यवहार अंगावर आला, वाटेत पाकीट गेलं की सासूबाई म्हणायच्या, "उगाच नागवण झाली." देवपूजा आटोपून त्याच तोंडाने म्हणायच्या. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. माजघर, तुझे बाबा म्हणत असतील ते याच अर्थाने. तू शब्द काढू नकोस गं.

उपसंपादक

मी वृत्तपत्रात मथळे लावण्याचं काम बरीच वर्षं केलं. 'ग्राहकांना नागवले', 'गुंतवणूकदारांची नागवणूक' असे मथळे आम्ही सर्रास देत असू. अलीकडे मात्र आमच्याकडच्या नव्या मुलांनी तो शब्द टाळायला सुरुवात केली. मी कारण विचारलं तर उत्तर तेच, वाईट दिसतं. मला वाटतं कानावर हिंदीतला 'नंगा' सतत पडतो, त्याचा हा परिणाम असावा. त्या जागी आता 'गंडा घातला' येतं. पण गंडा घालणं म्हणजे फसवणं. ज्याला गंडा घातला तो पुढच्या महिन्यात नेहमीसारखा कामाला जाऊ शकतो. नागवलेल्या माणसाचं तसं नसतं.

कातरवेळ

उपसंपादकांनी दाखवलेला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मी तो व्याकरणातून मांडून बघतो, कारण मराठीने इथे एक विलक्षण गोष्ट केली आहे.

मालमत्ता काढून घेण्याच्या क्रियापदांना एकच प्रश्न विचारा : कर्म कोण? गेलेली वस्तू, की ज्याची गेली तो माणूस?

'चोरणे' घ्या. घड्याळ चोरलं, पैसे चोरले. 'त्याने मला चोरलं' असं कुणी म्हणत नाही. 'लांबवणे', 'ढापणे', 'हडपणे', 'लाटणे', 'बळकावणे', 'घशात घालणे' या सगळ्यांचं कर्म वस्तू आहे. जमीन लाटली, प्लॉट बळकावला, दागिने लांबवले. ज्याचं गेलं तो माणूस वाक्यात आलाच तर 'माझी', 'त्याचे' अशा षष्ठीत कडेला उभा असतो.

आता दुसरा गट बघा. सावकाराने त्याला नाडलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला सोललं. मालकाने कामगारांना पिळलं. आणि नागवलं. इथे कर्म माणूस आहे. 'माझे पैसे नागवले' हे वाक्य मराठी कानाला सरळ चुकीचं लागतं. नागवला जातो तो माणूसच. फार तर घर, गाव, देश, म्हणजे माणसांचाच समूह.

'लुटणे' आणि 'लुबाडणे' दोन्ही घरी नांदतात. पैसे लुबाडले, मलाही लुबाडलं. 'बुडवणे'चंही तसंच.

रात्रभर या याद्या करत बसलो होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या गटातली बरीच क्रियापदं घेणाऱ्याच्या हाताची आणि तोंडाची आहेत : उचलणे, गिळणे, खाणे, घशात घालणे, डल्ला मारणे, हात मारणे. दुसऱ्या गटातली देणाऱ्याच्या अंगाची आहेत : सोलणे, पिळणे, भादरणे, नागवणे. भाषा एकदा चोराच्या बाजूला उभी राहून बघते आणि एकदा ज्याचं गेलं त्याच्या बाजूला. तुमच्या अर्जात कुठली बाजू हवी आहे, ते उघड आहे.

अनुस्वार

हे वाचून थांबलोच. 'लुटणे'बद्दल एक भर घालतो. दसऱ्याला आपण सोनं लुटतो, आपट्याची पानं एकमेकांना देतो. सुट्टीत मजा लुटतो, आनंद लुटतो. इतिहासाच्या पुस्तकात १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली असं वाचतो आणि त्या वाक्यात अभिमान असतो. म्हणजे 'लुटणे' बोलणाऱ्याच्या बाजूप्रमाणे रंग बदलतं. 'नागवणे'चा असा एकही आनंदाचा किंवा अभिमानाचा वापर मला आठवेना. 'आम्ही त्यांना नागवलं' असं छाती फुगवून कुणी म्हणत असेल असं वाटत नाही. हा शब्द सोसणाऱ्याच्या तोंडी असतो, नाहीतर त्याच्यासाठी बोलणाऱ्याच्या.

'हिरावणे' आणखी निराळं. तोंडचा घास हिरावला, काळाने पोर हिरावून नेलं. तिथे घेणारा बहुतेक वेळा दैव असतं.

बांधावरचा

आमच्या भागात म्हातारी माणसं 'नाडला' आणि 'नागवला' हे दोन शब्द वेगळे वापरतात. नाडला म्हणजे अडवून घेतला. गरज आहे हे बघून भाव पाडला, व्याज चढवलं. माणूस अजून उभा आहे पण अडकलाय. नागवला म्हणजे संपला. बैल गेला, शेत गेलं, घरातली भांडी गेली. आधी नाडतात, मग नागवतात, हा क्रम आहे.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता, तर कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद मागून घेऊन जाळले. माणसांना इजा त्या मानाने फार कमी झाली. आपल्याला कशाने नागवलं हे त्यांना पक्कं कळलं होतं. नंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता सगळा व्यवहार मुळापासून तपासायची मुभा न्यायालयाला मिळाली.

'आर्थिक नुकसान' हा शब्द त्या शेतकऱ्यांना लावून बघा. गारपिटीने पण आर्थिक नुकसानच होतं.

निर्झरा

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका.

शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. तरी त्या शिक्षकांना जे वाटलं ते मी बाई म्हणून समजू शकते. 'विधवा ठेवीदार महिलेस नागवले' असं वाक्य अर्जात असेल आणि वाचणाऱ्याला जुना अर्थ ठाऊक नसेल, तर त्या बाईकडे बघण्याची नजर बदलते. तिने काही केलेलं नसताना. शब्द कितीही जुना आणि रास्त असला तरी तो कुणाच्या नावापुढे लागतो याचा विचार हवा. माझ्या आईने अशा कागदावर सही करायला नकार दिला असता आणि मी तिला चूक म्हटलं नसतं.

आजोळ

निर्झरा, हे पटलं. एकट्या बाईच्या नावापुढे मीही लिहिणार नाही. पण माजघरच्या वाक्यात 'आम्हा ठेवीदारांना' आहे. सगळ्यांसाठी मिळून आहे. तिथे तो दोष राहत नाही असं मला वाटतं.

दावापत्र

मी दिवाणी कामं बघतो. कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, 'नागवणे' हा कायद्यातला शब्द नाही. चोरी, जबरी चोरी, दरोडा, अपहार, न्यासभंग, ठकवणूक असे शब्द तिथे आहेत आणि प्रत्येकाची व्याख्या ठरलेली आहे. दरोडा म्हणायला पाच किंवा अधिक माणसं लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा चोरीचा वेगळा प्रकार म्हणून आला, कलम ३०४. या सगळ्यात वस्तू कशी गेली, कुणाच्या ताब्यातून गेली, कुठल्या हेतूने गेली, हे मोजतात. ती गेल्यावर मागे माणसाचं काय उरलं, हे या व्याख्यांमध्ये येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त सांगायची आहे. मागे काय उरलं हे कायदा एका वेगळ्या जागी विचारतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६०. हुकूमनाम्याच्या, म्हणजे न्यायालयाने ठरवलेल्या देण्याच्या वसुलीसाठी ऋणकोची, म्हणजे देणं असलेल्या माणसाची मालमत्ता जप्त करता येते, पण काही गोष्टी जप्त करता येत नाहीत. यादीची सुरुवातच कशाने होते बघा : ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. मग कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि पोट चालण्यापुरती लागतील असं न्यायालयाला वाटेल तेवढी जनावरं आणि बियाणं.

म्हणजे देणं खरं असलं, हुकूमनामा कायदेशीर असला, तरी माणसाला नागवता येणार नाही. त्या कलमाला मराठीत एका शब्दात काय म्हणायचं असं मला कुणी विचारलं, तर मी हाच शब्द वापरेन. तुमच्या सरांना हे कलम जरूर दाखवा. अंगावरचा कपडा आणि माणसाची मालमत्ता यांचा संबंध अश्लीलतेशी नाही. सगळं गेल्यावर उरणारी शेवटची वस्तू म्हणजे अंगावरचं वस्त्र. 'नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले' असं आपण म्हणतो ते त्या रेषेवरचं वाक्य आहे. 'नागवले' हे रेषेच्या पलीकडचं.

बांधावरचा

वकीलसाहेब, पस्तीस वर्षं शेती करतोय, हे कलम मला आज कळलं. कुणी सांगितलंच नव्हतं.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. कलम ६० वाचून बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे शब्द बरोबरच होता."

अजून एक अडचण. सरांशी फोनवर बोलले. ते थोडे नरमले आहेत, म्हणतात 'ठेवीदार नागवले आहेत' असं लिहू या. 'संस्थेने नागवले' नको, ते आरोप केल्यासारखं होतं. या दोन वाक्यांत खरंच फरक पडतो का? मला दोन्ही सारखीच वाटायला लागली आहेत.

कातरवेळ

पडतो. खूप पडतो.

'नागवणे' हे अकर्मकही आहे आणि सकर्मकही. 'तो व्यापारात नागवला', 'गाव पुरात नागवलं' : इथे नागवणारा कुणी नाही. तो स्वतःच कर्ता आहे आणि त्याच्यावर ते ओढवलं आहे. 'त्यांनी त्याला नागवलं' : इथे करणारा आहे. जुन्या लेखनात सकर्मक रूप 'नागविले' असं लिहीत, त्यामुळे फरक डोळ्यांना तरी दिसायचा. आता दोन्हीकडे 'व'च, तेव्हा कर्ता लिहिला नाही तर वाचणारा सोयीचा अर्थ घेतो.

'ठेवीदार नागवले आहेत' या वाक्यात तुमचे पैसे पुरात वाहून गेल्यासारखे होतात.

दावापत्र

आणि तुमच्या प्रकरणात कर्ता हाच तर मुद्दा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी व्यक्तींवर निश्चित करता येते. कुणी, कुणाला, कुठल्या तारणावर कर्ज दिलं, हे तिथे निघतं. कर्ता शोधणं हेच त्या कलमाचं काम. अर्जातच तुम्ही कर्ता गाळलात तर सुरुवात कमकुवत होते.

मात्र 'संस्थेने' असं लिहू नका. संस्थेचे सभासद तुम्हीही आहात. 'तत्कालीन संचालक मंडळाने' असं लिहा आणि पुढे 'असे आमचे म्हणणे आहे' जोडा. चौकशीआधी ते म्हणणंच असतं. त्याखाली ठेव पावत्यांचे क्रमांक, तारखा, मुदत, रक्कम यांचा तक्ता द्या. शब्द कितीही जोरकस असला तरी अधिकारी आधी तक्ता बघतो.

ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदाही आहे, लोक त्याला एमपीआयडी म्हणतात. ठेवी बुडवल्याचं त्याखाली सिद्ध झालं तर सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे देण्याची सोय त्यात आहे. तुमच्या पतसंस्थेला तो कसा लागू होईल ते स्थानिक वकिलांना कागद दाखवून विचारा, इथे अंदाजाने सांगत नाही.

अनुस्वार

थोडं अवांतर, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. बँकेतल्या ठेवींवर ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० मध्ये ते १ लाखावरून वाढलं. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पाटीवर 'सहकारी' दोन्हीकडे असतं म्हणून माणसं फसतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पावत्या एकदा काढून बघा.

माजघर

अर्ज आज दिला. पोच मिळाली.

वाक्य शेवटी असं ठरलं : 'तत्कालीन संचालक मंडळाने पुरेशा तारणाविना कर्जे वाटून आम्हा ठेवीदारांना नागवले आहे, असे आमचे म्हणणे आहे.' निर्झरा, तुमचं म्हणणं लक्षात ठेवून कुणा एका बाईच्या किंवा माणसाच्या नावापुढे तो शब्द कुठेही ठेवला नाही. तक्त्यात नुसते आकडे आहेत. सरांनी सही केली. शब्द त्यांना अजूनही खटकतो, तसं ते मला म्हणाले, पण कलम ६० ची छापील प्रत त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली.

एक प्रश्न बाबांचा. त्यांनीच विचारायला सांगितलंय. नागवलेल्या माणसाने परत उभं राहणं, याला मराठीत शब्द कुठला?

आजोळ

सावरणे. आमच्या घरी तेच म्हणत. "दोन साल लागली, पण सावरला."

कातरवेळ

आजोळ, किती नेमका शब्द दिलात. पदर सावरतात, नेसण सावरतात, संसारही सावरतात. मुळात 'संवरण', म्हणजे झाकून घेणं. क्रियापद पुन्हा अंगावरच्या वस्त्राचंच.

माजघर

बाबांना वाचून दाखवते.